घरगुती दिवाळी अंकाचं परीक्षण: पहिल्यांदाच परीक्षक होणाऱ्यांसाठी

दुकानात विकत मिळणाऱ्या दिवाळी अंकांसाठी महाराष्ट्र साहित्य परिषदेसारख्या संस्थांच्या स्पर्धा असतात आणि तिथे परीक्षकही मुरलेले असतात. पण पुण्यात त्याहून कितीतरी जास्त अंक निघतात ते घरगुती. कोथरूडमधल्या सोसायटीचा अंक, बाणेर-हिंजवडीकडच्या नव्या संकुलाचा मोबाइलवर फिरणारा पीडीएफ, महाविद्यालयाचं हस्तलिखित, ज्येष्ठ नागरिक संघाचा अंक, एखाद्या कुटुंबानं हौसेनं काढलेली चाळीस पानं. या अंकांच्याही स्पर्धा होतात. परीक्षक म्हणून कुणा निवृत्त शिक्षिकेला, ग्रंथपालांना किंवा कधीतरी चार लेख छापून आलेल्या माणसाला बोलावलं जातं. अंकांचा गठ्ठा आणि गुणपत्रक हातात पडतं. कसं करायचं हे कुणी सांगत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. घरगुती अंकात जोखायचा तो संपादकाचा निर्णय. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत ही परंपरा सुरू झाली, तेव्हापासून अंक म्हणजे कुणीतरी निवडून, जुळवून, क्रम लावून दिलेला ऐवज आहे. लेखक हौशी असतील, कागद साधा असेल, चित्रं शाळेतल्या मुलांची असतील. त्यानं काही बिघडत नाही. काय घेतलं, काय नाकारलं, कशाशेजारी काय ठेवलं आणि ते वाचता येईल असं मांडलं का, एवढं पाहायचं.

अंक उघडण्याआधी

नियमावली आणि गुणपत्रक आयोजकांकडून लेखी मागून घ्या. त्यात ‘साहित्य’, ‘मांडणी’, ‘एकूण परिणाम’ असे मोघम रकाने असतील तर सगळ्या परीक्षकांनी आधी अर्ध्या तासासाठी भेटून त्यांचा अर्थ ठरवावा. ‘एकूण परिणाम’ हा रकाना तर काढूनच टाकायला सांगा. ज्या अंकाला का कोण जाणे जास्त गुण द्यावेसे वाटतात, त्याला ते द्यायची पळवाट म्हणजे हा रकाना.

शंभरपैकी मला पटणारी विभागणी अशी: मजकूर ४५, संपादन २५, मांडणी २०, मुखपृष्ठ १०. महाविद्यालयीन हस्तलिखितं असतील तर अक्षर आणि चित्रांसाठी मांडणीचे गुण वाढवून मजकुराचे थोडे कमी करावेत. छापील अंक, हस्तलिखित आणि पीडीएफ एकाच गटात ठेवू नयेत. आयोजकांनी ठेवलेच असतील तर निदान कागद आणि छपाईचे वेगळे गुण नसावेत, नाहीतर ज्या सोसायटीकडे जाहिराती जास्त तिचाच अंक वर येतो.

ओळखीचं काय? पुणं केवढंही वाढलं तरी इथे कुणी ना कुणी कुणाच्या तरी ओळखीचं निघतंच. अंकाच्या संपादक मंडळात नातेवाईक, विद्यार्थी किंवा जवळचा मित्र असेल तर त्या अंकाचे गुण तुम्ही देऊ नका. तसं पहिल्याच बैठकीत सांगा. नुसती तोंडओळख असेल तर ती सांगून पुढे जायला हरकत नाही.

पहिलं वाचन

पहिल्या फेरीत गुण द्यायचे नाहीत. सगळे अंक एकदा चाळून, प्रत्येकातलं थोडं थोडं वाचून बाजूला ठेवायचे. याचं कारण सरळ आहे: पहिला अंक हाती घेता तेव्हा बाकीचे कसे आहेत हे तुम्हाला ठाऊक नसतं. त्याला सत्तर दिले आणि नंतर सगळेच त्याहून चांगले निघाले, तर बाकीच्या सगळ्यांना सत्तरच्या वरच दाटीवाटीनं बसवावं लागतं.

या फेरीत अंक वाचकासारखा हाताळा. अनुक्रमणिकेवरून काही वाचावंसं वाटतं का? तिथला पानाचा आकडा खरा आहे का? शेवटच्या क्षणी जाहिरात आत येते, पानं सरकतात आणि अनुक्रमणिका तशीच राहते, हे इतक्या अंकांत होतं की ते पाच-सहा ठिकाणी ताडून बघाच. संपादकीय वाचा. ‘दिवाळी म्हणजे दिव्यांचा सण’ इथून सुरू होऊन आभारांवर संपणारं संपादकीय काहीच सांगत नाही. ‘या वर्षी आम्ही प्रवासवर्णनं घ्यायची नाहीत असं ठरवलं’ असं एक वाक्य असलं, तरी या अंकाला संपादक आहे हे कळतं.

मग पहिला लेख, मधला एक आणि शेवटचा एक पूर्ण वाचा. पहिला लेख बहुतेक ठिकाणी अध्यक्षांचा किंवा परिसरातल्या नामवंतांचा असतो आणि मानापानातून तिथे येतो. संपादनाची खरी परीक्षा अंकाच्या शेवटच्या तिसऱ्या भागात होते. तिथे भरताड सुरू झाली की समजावं, पानं भरायची होती. यामागे छपाईचं गणितही असतं. मधोमध पिन मारलेल्या अंकाची पानं चारच्या पटीतच असतात, त्यामुळे मजकूर त्रेपन्न पानांचा झाला तर अंक छप्पन्न पानांचा होतो. उरलेल्या तीन पानांचं काय केलं ते बघा. मोबाइलवरून उचललेले सुविचार टाकले, की सोसायटीतल्या मुलांची चित्रं मोठी करून छापली, की लेख आटोपशीर करून बावन्नातच बसवले? तिन्ही उत्तरांना मी वेगवेगळे गुण देईन आणि तिसऱ्याला सगळ्यात जास्त.

मजकूर

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

घरगुती अंकात चार गोष्टी हमखास असतात: सहलीचं वर्णन, आजी किंवा वडिलांची आठवण, कविता आणि पाककृती. नेहमीचे विषय आहेत म्हणून गुण कापू नका. लेह-लडाखवरचा आठवा लेखही चांगला असू शकतो. विचारायचं ते एवढंच, की हा लेख याच माणसानं लिहिला आहे की कुणीही लिहिला असता? सहलीच्या लेखात हॉटेलचं नाव, उंचीचे आकडे आणि ‘निसर्गानं मुक्तहस्तानं उधळण केली आहे’ एवढंच असेल तर तो कुणाचाही आहे. बरोबर आलेल्या सासूबाईंना खारदुंगला खिंडीत धाप लागली आणि सगळा बेत बदलावा लागला, हे त्यात असेल तर लेख त्या घरचा झाला.

पाककृती जोखायला सोपी आणि फार उपयोगाची, कारण ती खरी की खोटी हे तपासता येतं. अनारशांचं उदाहरण घ्या. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग निथळून कापडावर सावलीत पसरायचे आणि थोडा ओलसरपणा असतानाच दळायचे, पीठ बारीक चाळायचं, गूळ मिसळून गोळा चार-पाच दिवस मुरू द्यायचा, थापताना खसखस लावायची आणि खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तळायचं. एखाद्या अंकात ‘तांदळाचं पीठ आणि गूळ एकत्र करून अनारसे थापावेत’ असं दोन ओळींत उरकलेलं असेल, तर लिहिणाऱ्यानं ते केलेले नाहीत. किंवा केले असले तरी वाचणारी पहिल्यांदाच करणार आहे याचा विचार झालेला नाही. आणि जिथे ‘अनारसा तुपात हसला, म्हणजे पसरून विरायला लागला, तर त्यासाठी आधीच बाजूला ठेवलेलं कोरडं पीठ थोडं मिसळावं’ असं लिहिलं आहे, तिथे थांबा आणि गुणपत्रकावर खूण करा. ही पाककृती कढईपाशी उभं राहून लिहिलेली आहे. हीच कसोटी बाकी लेखांनाही लावता येते: काय चुकू शकतं हे लिहिणाऱ्याला माहीत आहे का?

कवितांच्या बाबतीत परीक्षक बहुधा दोन टोकांना जातात. वृत्तात नाही म्हणून नापास, नाहीतर भावना खरी आहे म्हणून पास. मी मोठ्यानं वाचून बघतो. जीभ अडखळली तर का अडखळली ते पाहतो. यमकासाठी शब्द ओढूनताणून आणला असेल तर कानाला लगेच कळतं. आणि अंकात किती कविता घेतल्या तेही मोजतो. साठ पानांत बावीस कविता म्हणजे संपादकाला कुणालाच नाही म्हणता आलेलं नाही.

उचललेला मजकूर हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. शंका आली की लेखातलं एखादं वेगळं वाटणारं वाक्य जसंच्या तसं इंटरनेटवर शोधा. कवितेखाली मोठ्या कवीचं नाव असेल तर ती त्यांचीच आहे का तेही पाहा, कारण मोबाइलवर फिरणाऱ्या कितीतरी कवितांखाली भलतीच नावं असतात. कायदाही ठाऊक असू द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि निधनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क टिकतात. बालकवी १९१८ मध्ये गेले, त्यांची कविता कुणालाही छापता येते. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कवितांवरचा हक्क २०५९ च्या अखेरपर्यंत आहे. ‘साभार’ एवढं लिहिल्यानं परवानगी मिळाली असं होत नाही. घरगुती अंकाला यासाठी कोर्टात खेचायचं नसतं, पण संपादनाचे गुण इथे जायला हवेत आणि का गेले ते त्यांना सांगायला हवं.

यंत्राकडून लिहून घेतलेल्या लेखांबद्दल आयोजकांचा नियम काय आहे ते आधीच विचारा. नियम नसेल तर ओळखत बसण्यात वेळ घालवू नका. माणूस, गाव, तारीख, खर्च यांतलं काहीच नसलेला गुळगुळीत लेख कुणीही लिहिलेला असो, वरच्या कसोटीवर तो कमी गुणच मिळवतो.

शेवटचं, आणि मला फार महत्त्वाचं वाटणारं. या अंकात असं काही आहे का, जे दुसऱ्या कुठल्याच अंकात आलं नसतं? सोसायटीच्या बोअरवेलचं पाणी कोणत्या साली आटलं आणि टँकरचा खर्च कसा वाढत गेला, यावर खजिनदारांनी लिहिलेली दोन पानं. रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाशी गप्पा. पानशेतचा पूर आला तेव्हा, १९६१ मध्ये, नारायण पेठेत लहान असलेल्या आजोबांची नातवानं घेतलेली मुलाखत. भाषा साधी असेल, शुद्धलेखनाच्या चुका असतील, तरी असा लेख म्हणजे अंकाचं भांडवल आहे. त्याला भरभरून गुण द्या. विकत मिळणाऱ्या अंकांत हा मजकूर कधीच येणार नसतो.

शुद्धलेखन

याला वेगळे गुण ठेवू नका, संपादनात धरा. साहित्य महामंडळाचे नियम १९६२ मध्ये शासनानं स्वीकारले, १९७२ मध्ये त्यात चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. परीक्षकानं ते एकदा नजरेखालून घालावेत. पण चुका मोजत बसू नये. बोलीत लिहिलेला लेख ‘शुद्ध’ करून त्याची चव घालवली असेल, तर ती मला ऱ्हस्व-दीर्घापेक्षा मोठी चूक वाटते.

काही चुका मात्र माणसाच्या नसून फाँटच्या असतात आणि त्या ओळखता आल्या पाहिजेत. मराठी संगणकावर आणण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था इथलीच, ‘श्रीलिपी’ हे अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर करणारी मॉड्युलर इन्फोटेकही इथलीच. छपाईच्या दुनियेत वर्षानुवर्षं अशा जुन्या पद्धतीच्या फाँटवर काम झालं. आता लेखक मोबाइलवर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षर-संकेतांत लिहितात, अक्षरजुळणी करणारे तो मजकूर जुन्या फाँटमध्ये बदलून घेतात आणि या बदलात अक्षरं मोडतात. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, ‘तऱ्हा’ची ‘तर्हा’ होते, जोडाक्षरांचे पाय मोडून तिथे हलन्त दिसू लागतात. दोष लेखकाचा नाही. पण छापण्याआधी कुणी मुद्रितं वाचलीच नाहीत हे त्यातून दिसतं, आणि मुद्रितशोधन हे संपादकाचंच काम आहे.

मांडणी

मांडणी पाहताना ‘सुंदर आहे का’ हा प्रश्न बाजूला ठेवा. सलग दहा पानं वाचून डोळे दमले का, हे पाहा.

देवनागरीला ओळींमध्ये जागा जास्त लागते, कारण शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार असतात. पानं वाचवायला ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला जाऊन भिडतो. कुठलंही दाट पान उघडा, ‘गुरू’, ‘मूळ’, ‘पुढे’ असे शब्द शोधा आणि त्यांच्या खाली काय आहे ते बघा. भिडलेलं असेल तर वाचक दमणार. ज्येष्ठांसाठीच्या अंकात अक्षर बारीक ठेवलं असेल तर तिथे गुण कमी करायला कचरू नका. बारा पॉइंटच्या खाली गेलेलं देवनागरी सत्तरीच्या वाचकाला जड जातं.

दुसरं, रकाने. मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटत जातात: ‘महाविद्यालयांमधल्यांनासुद्धा’ हा एकच शब्द आहे. पान तीन अरुंद रकान्यांत विभागलं आणि दोन्ही कडा सरळ राखायचा हट्ट धरला, तर एका ओळीत दोनच शब्द बसतात आणि मध्ये भलंमोठं भगदाड पडतं. दोन रकाने किंवा डावीकडूनच सरळ लावलेला मजकूर हे ज्याला सुचलं, त्यानं विचार केलेला आहे.

कवितेमागे फिकट पणत्या, रांगोळी, सूर्यास्त छापायची हौस फार असते. अक्षर आणि पार्श्वभूमी यांत पुरेसा फरक आहे का? शंका असेल तर पानाचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. त्यात ओळी विरल्या तर पानावरही त्या विरलेल्याच आहेत.

फोटो कुठून आला तेही कळतं. छपाईला साधारणपणे इंचाला तीनशे ठिपके लागतात, म्हणजे बाराशे ठिपके रुंदीचा फोटो चार इंचांपर्यंतच नीट छापला जातो. चॅटवरून आलेला, दाबून लहान झालेला फोटो पूर्ण पानभर ताणला की चेहऱ्यांच्या कडा दातेरी दिसतात. तोच फोटो लहान छापला असता तर छान दिसला असता. असे निर्णय शोधत राहा.

पीडीएफ अंक मोबाइलवरच वाचा, कारण त्याचे वाचक तसेच वाचणार आहेत. ए-फोर आकाराचं, तीन रकान्यांचं पान सहा इंची पडद्यावर वाचताना ते सतत मोठं करून डावी-उजवीकडे सरकवावं लागतं. अनुक्रमणिकेवर बोट ठेवलं की लेख उघडतो का, तेही पाहा.

हस्तलिखितात अक्षर सुंदर असण्यापेक्षा शेवटच्या पानापर्यंत एकसारखं वाचता येणं महत्त्वाचं. समास, म्हणजे पानाच्या कडेची मोकळी जागा, पुरेसा सोडला आहे का ते तपासा, नाहीतर शिवण घातल्यावर ओळींची टोकं आत जातात.

मुखपृष्ठ

याचे दहा गुण सगळ्यात शेवटी द्या. देखणं मुखपृष्ठ पाहून आतले लेखही चांगले वाटायला लागतात, आणि साध्या मुखपृष्ठाचा अंक आपण नकळत नाखुशीनं उघडतो. जमलं तर गुण देताना मुखपृष्ठावर वर्तमानपत्राचा कागद चढवून ठेवा. संगणकानं बनवलेल्या चित्रात देवनागरी अक्षरं बऱ्याचदा अक्षरांसारखी नुसती दिसतात, वाचता येत नाहीत. पाटी, पुस्तक, दुकानाचा फलक अशा जागी नजर टाका.

गुण देताना

पहिल्या फेरीनंतर तीन अंक निवडा: एक स्पष्ट चांगला, एक मधला, एक कच्चा. यांना आधी गुण द्या आणि मग बाकीचे या तिघांच्या तुलनेत बसवा. एका बैठकीत पाच-सहापेक्षा जास्त अंक घेऊ नका. रात्री उशिरा वाचलेल्या अंकाला सकाळी ताज्या डोळ्यांनी वाचलेल्या अंकाइतका न्याय मिळत नाही. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशीच्या शेवटच्या अंकाचे गुण पुन्हा तपासा. सगळे अंक ५५ ते ६५ मध्ये अडकलेले दिसले तर तुम्ही ठरवायचं टाळता आहात. पट्टी ताणा.

प्रत्येक रकान्याशेजारी पानाच्या आकड्यासह एक ओळ लिहा. ‘पान ३१, टँकरचा लेख, उत्तम’ किंवा ‘पान ४४ ते ४७, सुविचार’. बैठकीत हीच टिपणं उपयोगी पडतात, नुसता आकडा पडत नाही.

परीक्षकांची बैठक

गुण एकमेकांना न सांगता लिहून आणायचे आणि एकदमच टेबलावर ठेवायचे. ज्येष्ठ परीक्षकांनी आधी मत सांगितलं की बाकीचे मान डोलावतात, म्हणून सगळ्यात नवख्यानं आधी बोलावं. एखाद्या अंकावर दोघांच्या गुणांत पंधराच्या वर फरक असेल तर सरासरी काढून मोकळे होऊ नका. दोघांनी मिळून त्यातला एकेक लेख पुन्हा वाचा. बहुतेक वेळा एकानं काहीतरी पाहिलेलं असतं जे दुसऱ्याच्या नजरेतून सुटलेलं असतं.

आणि एकही अंक पहिल्या क्रमांकाच्या तोडीचा नसेल तर? पुण्यातल्या सगळ्यांत मानाच्या एकांकिका स्पर्धेत, पुरुषोत्तम करंडकाच्या २०२२ च्या अंतिम फेरीत, परीक्षकांनी करंडक कुणालाच न देण्याचा निर्णय घेतला होता. त्यावर पुष्कळ वाद झाला. असा निर्णय घेण्याचा अधिकार परीक्षकाला आहे, पण घरगुती अंकांच्या स्पर्धेत तो मी अगदी क्वचित वापरायला सांगेन. इथे माणसं नोकरी-घर सांभाळून, रात्री जागून अंक काढतात. क्रमांक द्या, आणि कमतरता अभिप्रायात स्पष्ट लिहा.

अभिप्राय

बक्षीस तिघांना मिळतं, अभिप्राय प्रत्येकाला मिळायला हवा. आयोजकांनी मागितला नसला तरी द्या. अर्धं पान पुरे: अंकातला सगळ्यात चांगला मजकूर कोणता आणि का, काढून टाकला असता तर चाललं असतं असं काय, आणि पुढच्या वर्षी करता येईल अशी एकच सुधारणा. दहा सुधारणा सांगितल्या तर एकही होत नाही. ‘मांडणी सुधारावी’ असं लिहू नका. ‘लेखांसाठी तीनऐवजी दोन रकाने घ्या आणि ओळींतलं अंतर वाढवा, त्यासाठी सुविचारांची पानं वगळा’ असं लिहा. लेखकाचं नाव घेऊन कौतुक करा. दोष सांगताना मात्र नाव न घेता पानाचा आकडा द्या, कारण हा कागद सोसायटीच्या सूचनाफलकावरही लागू शकतो.

अभिप्राय निकालाबरोबरच पोचवा. घरगुती अंकांसाठी साहित्य मागवायला पावसाळ्यात सुरुवात होते, आणि संपादक मंडळात तोवर नवी माणसं आलेली असतात. म्हणून त्याची एक प्रत आयोजकांकडे ठेवा आणि जूनमध्ये नव्या संपादकांना ती परत पाठवायला सांगा.